गाडी खोलली व्हय?

सांगलीत एखाद्या गृहस्थाने रविवारी सकाळी मोटरसायकल दारात मेन स्टँडवर चढवली, शेजारी जुना पेपर अंथरला आणि त्यावर दोन पाने ठेवले, की गल्लीला वेगळं आमंत्रण लागत नाही. पहिला माणूस दूध आणायला निघालेला असतो. तो थांबतो आणि विचारतो, "गाडी खोलली व्हय?" गाडी अजून खोललेली नाही हे त्याला दिसत असतं, पण हा प्रश्न माहितीसाठी नसतोच. ती नांदी असते. दुसरा माणूस पहिल्याला बघून थांबतो, तिसरा गर्दी बघून. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' याच गावात रंगभूमीवर आणलं आणि गाव तेव्हापासून नाट्यपंढरी झालं. अशा गावात फुकटचा प्रयोग अर्धवट सोडून पुढे जाणं रिवाजात बसत नाही. प्रेक्षकांत एक जण तरी असा असतो, ज्याने जन्मात पाना धरलेला नाही. दिग्दर्शन तोच करतो.

वास्तविक दुचाकीची घरगुती देखभाल हा इतका नाट्यमय विषय नाही. गाडीबरोबर कंपनी एक माहितीपुस्तक देते. बहुतेक घरांत ते कपाटाच्या वरच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांखाली, ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून आलं त्याच पिशवीत सुखरूप असतं. मालकाने स्वतः काय काय बघायचं याची यादी त्यात दिलेली असते: चाकांतली हवा, इंजिन ऑईलची पातळी, चेनचा ढिलेपणा, क्लच-ब्रेकच्या लिव्हरची मोकळीक, बॅटरीची टोकं, दिवे, हॉर्न. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम. पण या यादीत एक मोठं वैगुण्य आहे. त्यात खोलायला काही नाही. आणि ज्यात खोलायला काही नाही त्याला देखभाल म्हणायची सांगलीकराची तयारी नसते. "हवा बघणं हे काय काम झालं?" असं म्हणून तो थेट कार्बोरेटरकडे वळतो.

हा आत्मविश्वास हवेतून आलेला नाही. जिल्ह्याची परंपराच तशी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला आणि १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीतल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना आणून वसवला. तीच किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. म्हणजे सायकलचं चाक फिरवता फिरवता माणूस कुठवर जाऊ शकतो याचा पुरावा इथे रेल्वेच्या फलाटावर पाटी लावून उभा आहे.

ही झाली जुनी गोष्ट. ताजी पाहिजे तर कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्र्याला जावं. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. इथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले सुटे भाग जोडून घरच्यांसाठी एक छोटी चारचाकी तयार केली. खर्च सुमारे ६० हजार रुपये, आणि गाडी सुरू व्हायची दुचाकीसारखी किक मारून. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचा व्हिडिओ पाहिला आणि त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांच्या दारात आली.

त्या बातमीने जिल्ह्यात किती पाने बाहेर आले असतील याची नोंद कुणी ठेवलेली नाही. पण "लोहारांनी जीप केली, मला साधा प्लग निघंना व्हय?" हा युक्तिवाद तेव्हापासून घराघरांत चालतो. युक्तिवाद चोख आहे. फरक इतकाच की लोहारांच्या हाताला लोखंड रोजचं आहे, आणि युक्तिवाद करणारे गृहस्थ आठवड्याचे पाच दिवस पासबुक छापतात. शिवाय बोलेरो मिळाली ती जोडलेल्या गाडीबद्दल. खोललेल्या गाडीबद्दल आजवर कुणी कुणाला काही दिलेलं नाही.

एक काळ असा होता, की गाडी खोलल्याशिवाय चालतच नसे. राजदूत, आरएक्स १००, लुना, एम८०, चेतक ही सगळी टू-स्ट्रोक मंडळी. त्यांच्या पोटात पेट्रोलबरोबर ऑईलही जळायचं आणि जळून जे उरायचं ते प्लगवर, सिलिंडरच्या डोक्यावर आणि सायलेन्सरच्या नळीत जाऊन बसायचं. त्यामुळे गाडी चालवता येणं आणि प्लग साफ करता येणं ही दोन वेगळी कौशल्यं नव्हतीच. भिलवडीच्या रस्त्याला दुधाचे कॅन लावलेली गाडी बंद पडली, की दूधवाला खाली उतरायचा, प्लग पान्याने प्लग काढायचा, पॉलिश पेपरवर चार वेळा घासायचा, फुंकर मारायचा आणि पुढच्या किकला निघायचा. स्कूटरवाले तर किक मारण्याआधी गाडी एका अंगावर कलती करायचे. ते का करायचं हे त्यांतल्या निम्म्यांना सांगता आलं नसतं, पण कलती न करता किक मारणारा माणूस नवशिका समजला जाई.

मग १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक इंजिन, ऑईल वेगळं, पेट्रोल वेगळं, धूर नाही, प्लग महिनोन् महिने काळा होत नाही. कंपनीने जाहिरातच अशी केली, की टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. यातला तिसरा भाग सांगलीकरांनी फारच मनावर घेतला. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि विसरण्याची सोय पक्की झाली. ९७.२ सीसीचं हे आडवं इंजिन ऑईल कमी असताना चालतं, हवा कमी असताना चालतं, तिघं बसले तरी चालतं, दोन पोती खताची मागे बांधली तरी चालतं. एमएच-१० पासिंगच्या गाड्यांनी सोसलेला छळ लिहून काढायचा म्हटला तर गॅझेटियरचा एक खंड लागेल. मात्र गाडी तक्रार करत नाही म्हणून मालक पुस्तक उघडत नाही, आणि हाताला काम नाही म्हणून कार्बोरेटर उघडतो. सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथे आहे.

घरच्या घरी करण्याजोगं आणि तरीही थोडंफार खोलायला मिळणारं काम एकच, ते म्हणजे ऑईल बदलणं. त्याची तयारी आदल्या रात्री सुरू होते. ऑईलचा डबा येतो. मग जुनं ऑईल धरायला भांडं पाहिजे असं ध्यानात येतं, आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, परातीला हात लावायचा नाही." शेवटी रंगाचा रिकामा डबा सापडतो. इंजिन थोडं गरम करून घ्यावं, म्हणजे ऑईल पातळ होऊन नीट उतरतं, हे दिग्दर्शकाला माहीत असतं. किती गरम, हे त्याला माहीत नसतं. मालकाची बोटं भाजतात तेव्हा ते कळतं.

खालचा नट सोडताना जोर लागतो, कारण आधीच्या वेळी कुणीतरी तो जिवाच्या आकांताने आवळलेला असतो. लावताना मालकही तेच करतो. "अजून थोडा घ्या, गळायला नको," असं मागून कुणीतरी म्हणतं. इंजिनचं खोकं ॲल्युमिनियमचं आणि नट पोलादी. या दोघांच्या कुस्तीत कोण हरणार हे ठरलेलं आहे. एका क्षणी पाना अचानक हलका फिरतो आणि मालकाला वाटतं, बसला. तो बसलेला नसतो. आटे गेलेले असतात. मग सोमवारी गाडी टेम्पोत घालून लेथवाल्याकडे न्यायची आणि नवे आटे मारून आणायचे. मजुरीचे शे-दोनशे वाचवायला निघालेला माणूस टेम्पोचं भाडं देत असतो तेव्हा त्याच्याकडे बघू नये.

ऑईलच्या डब्याचंही एक शास्त्र आहे. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात. ती मोटारीला मानवतात, पण या क्लचच्या प्लेटा त्यांच्यामुळे घसरायला लागतात. म्हणून दुचाकीच्या ऑईलच्या डब्यावर 'जासो एमए' असा शिक्का बघून घ्यायचा असतो. पण घरात मेहुण्याच्या कारमधलं अर्धा लिटर उरलेलं असतं आणि सांगलीत चांगली वस्तू वाया घालवायची पद्धत नाही. ते ओतलं जातं. महिन्याने चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. तेव्हा दिग्दर्शक निदान करतो, "पेट्रोलात भेसळ हाय."

ऑईल किती घालायचं यावरही मतभेद होतात. पुस्तक सांगतं, गाडी सपाटीला मेन स्टँडवर उभी करून कांडीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी ठेवा. कांडी पुसून नुसती टेकवायची की आटे फिरवून आत बसवायची हेही गाडीगणिक वेगळं असतं आणि तेही पुस्तकातच असतं. लोकमत सांगतं, थोडं जास्तच असू दे. लग्नाच्या पंगतीत हे तत्त्व ठीक आहे. इंजिनात ऑईल जास्त झालं की आतले फिरते भाग ते घुसळतात, फेस येतो, दाब वाढतो आणि जादाचं ऑईल सील शोधून बाहेर पडतं.

आता त्या डब्यात उतरलेलं काळं ऑईल. त्याचं काय करायचं, हा प्रश्न सगळे पांगल्यावर उरतो. कुणी ते कुंपणाच्या खांबाला फासतं, कुणी गेटच्या बिजागरीला लावतं. उरलेलं लिटरभर अंधार पडल्यावर गटारीत जातं. सांगलीच्या गटारींचं पाणी शेरीनाल्यातून कृष्णेला मिळतं, हा या शहराचा जुना आणि न सुटलेला वाद आहे. त्यावर पेपरात पत्र लिहिणारे जागरूक नागरिक आणि रविवारी रात्री डबा घेऊन गटारीकडे जाणारे नागरिक कधीकधी एकच असतात. वापरलेलं ऑईल सरकारी नियमांत घातक कचऱ्यात मोडतं आणि ते जमा करून घेणारे लोक गॅरेजांकडे येतात. डबा गॅरेजवर नेऊन दिला की काम संपतं. पण तसं केलं तर आपण ऑईल घरी बदललं हे मिस्त्रीला कळतं, आणि पंचाईत तिथेच आहे.

चेन हा या घरगुती प्रयोगातला सर्वांत दुर्लक्षित भाग. सांगली जिल्हा तर चेनच्या परीक्षेसाठीच बनवल्यासारखा आहे. पूर्वेला जत-आटपाडीची धूळ, पश्चिमेला शिराळ्याचा पाऊस, मधल्या पट्ट्यात कृष्णाकाठची काळी माती, आणि कारखान्यांचा हंगाम लागला की रस्त्यावर ट्रॉल्यांतून सांडलेलं उसाचं पाचट. काळ्या मातीच्या रानातून पावसाळ्यात गाडी काढली तर मडगार्डखाली माती अशी भरते की चाक फिरायचं थांबतं, आणि शर्ट-पँटीतला माणूस रस्त्याकडेला काटकीने चाक कोरत बसलेला दिसतो. हे सगळं चेन खात असते. पण स्प्लेंडरसारख्या गाड्यांना चेनवर पूर्ण कव्हर असतं. आत डोकावायला एक रबरी बूच दिलेलं असतं. ते गाडी घेतल्यापासून एकदाही न काढलेले मालक एमएच-१० मध्ये शेकड्याने सापडतील.

ते बूच काढायचं, चेन बोटाने वर-खाली हलवून बघायची. बहुतेक गाड्यांना साधारण दोन-तीन सेंटिमीटर झोल चालतो. नेमका आकडा पुस्तकात असतो. जास्त असेल तर मागच्या चाकाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवायचे. दोन्हीकडच्या खुणा जुळल्या नाहीत तर चाक तिरकं बसतं आणि गाडी जन्मभर कोल्हापूरच्या दिशेला ओढते. चेनला गिअर ऑईल लावावं. ग्रीस लावलं की धूळ चिकटते, आणि इंजिनातून काढलेलं काळं ऑईल लावणं म्हणजे त्यातला धातूचा कीस परत कामाला लावणं. एक गोष्ट मात्र गमतीत घेण्यासारखी नाही. गाडी गिअरमध्ये चालू ठेवून फिरत्या चेनला फडकं लावायचं नाही. फडकं आत जातं आणि मागोमाग बोटं. शेजारचं मिरज वैद्यकीय सेवेसाठी शंभर वर्षांहून अधिक काळ प्रसिद्ध आहे हे खरं, पण त्याची अशी खातरजमा करून घ्यायची गरज नाही.

चेनकडे न बघणारा माणूस कार्बोरेटरपुढे मात्र तासभर बसू शकतो. त्याला कारण 'ॲव्हरेज'. सांगलीत गाडीबद्दल विचारला जाणारा पहिला, मधला आणि शेवटचा प्रश्न ॲव्हरेजचा असतो, आणि ॲव्हरेज वाढवायचा मार्ग एका छोट्या पितळी स्क्रूतून जातो अशी सार्वत्रिक श्रद्धा आहे. मग इंजिन चालू ठेवून, कान लावून, स्क्रू अर्धा आटा आत, पाव आटा बाहेर. मिरजेतले कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना जितके एकाग्र होत असतील तितकीच ही मंडळी होतात. त्या कारागिरांच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एअर स्क्रूवाल्यांना अजून नाही. हवा जास्त आणि पेट्रोल कमी केलं की दोन दिवस ॲव्हरेज वाढल्यासारखं वाटतं, इंजिन मात्र तापायला लागतं आणि प्लग पांढरा पडतो. खरं तर चाकात हवा कमी असेल किंवा मागचा ब्रेक घासत असेल तर पेट्रोल तिथे जास्त जातं. पण हवा भरायला पंपावर रांगेत उभं राहावं लागतं आणि तिथे कुणी टाळ्या वाजवत नाही.

कार्बोरेटर परत जोडला की एखादी स्प्रिंग किंवा वायसर पेपरवर उरतो. इथे प्रेक्षकांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पुन्हा खोला. दुसरा म्हणतो, "ऱ्हाऊ द्या ओ, कंपनी एखादा जास्तीचाच देती." मत नेहमी दुसऱ्या पक्षाला पडतं.

सोमवारी गाडी मिस्त्रीकडे जाते. मिस्त्री आधी गाडीकडे बघत नाही, मालकाकडे बघतो, आणि डॉक्टरने पेशंटला "घरी काही घेतलं होतं का?" विचारावं त्या सुरात विचारतो, "कुणी हात लावला हुता का ओ गाडीला?" आजवर या प्रश्नाला कुणी खरं उत्तर दिलेलं नाही. "चुलतभावाने जरा बघितली होती" हे त्यातल्या त्यात जवळचं. मिस्त्रीला सगळं कळतं. स्क्रूची खाच कुठे बिघडली, नटाचे कोपरे कुठे गोल झाले, बारा-तेराच्या पान्याच्या जागी पक्कड कुठे वापरली, हे त्याला एका नजरेत वाचता येतं. पण तो बोलत नाही. त्याचं बिलच सगळं बोलतं.

असल्या उद्योगावर जगाने गंभीर पुस्तकंही लिहिली आहेत. अमेरिकेचे रॉबर्ट पिर्सिग १९६८ साली मुलाला मागे बसवून होंडावरून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला गेले आणि त्या प्रवासावर, मोटरसायकलच्या देखभालीवर आणि तत्त्वज्ञानावर मिळून एक पुस्तक लिहिलं. ते १२१ प्रकाशकांनी नाकारलं. १९७४ मध्ये निघालं तेव्हा लाखांनी खपलं. सांगलीत लिहिलं असतं तर पहिल्याच प्रकाशकाने विचारलं असतं, "होंडा कितीचं ॲव्हरेज देती?" त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. बरोबरच्या मित्राच्या बीएमडब्ल्यू मोटरसायकलचं हँडल सैल होतं. लेखक सुचवतो, की बिअरच्या रिकाम्या कॅनचा पत्रा कापून फटीत घालू, घट्ट बसेल. मित्राला हे अपमानास्पद वाटतं. आपल्या बीएमडब्ल्यूला बिअरचा पत्रा! यावर पिर्सिग बरीच पानं विचार करतात. कृष्णाकाठी हा तात्त्विक पेच उद्भवलाच नसता. इथे फटीत घालायला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा प्रत्येकाच्या डिकीत असतो, आणि बीएमडब्ल्यूच्या मालकाने फक्त कॅन रिकामा करायला किती वेळ लागेल एवढंच विचारलं असतं.

या सगळ्या हौशी विद्येची खरी परीक्षा ऑगस्ट २०१९ मध्ये झाली. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या महिन्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, सांगलीवाडी, मारुती चौक, हरभट रोड, सगळीकडे पाणी. ते उतरल्यावर गाळाने माखलेल्या दुचाकी दारादारांत उभ्या राहिल्या. तेव्हा सर्वांत महागात पडलेला सल्ला अवघ्या चार शब्दांचा होता: "एक किक मारून बघ." सिलिंडरमध्ये पाणी असताना किक मारली किंवा सेल्फ दाबला, तर पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ज्यांनी धीर धरला त्यांची गाडी वाचली. आधी बॅटरी सोडायची, प्लग काढायचा, प्लगविना हळूहळू किक मारून पाणी बाहेर काढायचं. मग ऑईल उतरवायचं. पाणी मिसळलेलं ऑईल काळं नसतं, पांढुरकं, दुधट झालेलं असतं. नवं ऑईल घालून थोडं चालवून तेही बदलायचं. टाकी रिकामी करायची, कारण पाणी पेट्रोलच्या खाली जाऊन बसतं आणि कार्बोरेटरला पहिलं तेच जातं. एअर फिल्टर, ब्रेकचे ड्रम, सायलेन्सर, सगळ्यातला गाळ काढायचा. गॅरेजं भरून गेली होती, म्हणून अनेकांनी यातलं बरंचसं दारातच केलं. आयुष्यभर दिग्दर्शन केलेली माणसं त्या आठवड्यात गुपचूप बादली धरून उभी होती. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा बऱ्याच गल्ल्यांनी गाड्या आधीच उंचावर नेऊन लावल्या. देखभालीचा हा सर्वांत स्वस्त प्रकार, आणि त्याला एकही पाना लागला नाही.

एरवी वर्षातून एकदा गाडीकडे सगळं घर लक्ष देतं, ते खंडेनवमीला. त्या दिवशी गाडी धुतली जाते. नुसती धुतली नाही, तर सर्व्हिसिंगच्या पंपाने सगळ्या भोकांतून धुतली जाते. मग झेंडूची माळ, हेडलाइट झाकेल अशा बेताने. चाकाखाली लिंबू. सांगलीची हळद देशोदेशी जाते. खंडेनवमीला थोडी स्पीडोमीटरच्या काचेवरही जाते आणि पुढच्या वर्षापर्यंत तिथेच राहते. गॅरेजात त्या दिवशी पाने, पकडी, हातोडे पाटावर मांडलेले असतात, त्यांना कुणी हात लावत नाही. नेमका त्याच दिवशी घरचा हौशी मिस्त्री ब्रेक टाइट करायला पाना उचलतो आणि आजीचं बोलणं खातो: "आरं, पुजंतला पाना हाय त्यो!" मात्र धुतलेल्या चेनला कुणी ऑईल लावत नाही, आणि सीमोल्लंघनाला निघालेली गाडी मारुतीच्या देवळापर्यंत करकरत जाते.

आता तर कार्बोरेटरचाही विषय मिटत चालला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींत फ्युएल इंजेक्शन आलं. पेट्रोल किती आणि कधी सोडायचं हे आता एक छोटा संगणक सेन्सरांना विचारून ठरवतो. पितळी स्क्रू गेला, कान लावून बसणं गेलं. काही बिघडलं तर मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि तो का लागला हे बघायला सर्व्हिस सेंटरवर मशीन जोडावी लागते. दारात जमलेली मंडळी त्या दिव्याकडे थोडा वेळ बघतात आणि पांगतात. "आता पयल्यासारख्या गाड्या ऱ्हायल्या न्हाईत," असा निकाल देऊन दिग्दर्शक चहाला जातो.

पण गंमत बघावी. संगणकाने फक्त तेच नेलं, जे कुणी घरी खोलायला नको होतं. चेन अजून आहे, ब्रेक आहेत, ऑईल आहे, चाकांत हवा आहे. माहितीपुस्तकातली ती कंटाळवाणी यादी जवळजवळ जशीच्या तशी शाबूत आहे, आणि तिच्यातलं बहुतेक काम आजही कोणत्याही नोकरदार माणसाला अंगणात, दोन-तीन पान्यांवर आणि एका फडक्यावर जमतं. किर्लोस्करांचा कारखाना आणि लोहारांची चारचाकी उभी राहिली ती असल्याच कंटाळवाण्या कामांवर, रोज तोच नट नीट आवळून.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी कपाटातलं ते पुस्तक पिशवीतून बाहेर काढा. त्यात किंवा चेनच्या कव्हरवरच्या स्टिकरवर हवेचा आकडा असेल. तेवढीच भरा, आणि मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा वेगळा आकडा बघा. चेनचं रबरी बूच काढा. कांडीवर ऑईल बघा. नट हाताला लागला की थांबा. प्रेक्षक जमले तर त्यांना चहा द्या, पाना देऊ नका. आणि जुनं ऑईल डब्यात भरून मिस्त्रीकडे नेऊन द्या, तो हसला तरी चालेल. सांगलीच्या नळाला येणारं पाणी कृष्णेचंच आहे.